मोडणाऱ्यांची धाड

दिवाळीची सुट्टी लागली की महाड-पोलादपूरच्या अंगणांत आणि चाळींच्या कोपऱ्यांत दगड, विटा आणि लाल मातीचे ढीग दिसू लागतात. रायगड महाड तालुक्यातला, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातले. त्यामुळे इथल्या पोरांना नुसता किल्ला चालत नाही. टकमक टोक कोणत्या बाजूला घ्यायचे आणि महादरवाजा कुठे बसवायचा, यावरून भांडणे होतात. अळीव पेरून हिरवळ उगवायची, मावळे मांडायचे, महाराज सिंहासनावर बसवायचे, तेव्हा कुठे किल्ला पुरा होतो.

हीच हौस आता पडद्यावरही भागवता येते. २०११ साली पूर्ण रूपात आलेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळात घनाकार ठोकळे रचून घरे, गावे, गड उभारता येतात. २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. दहा-वीस जण मिळून एका सर्व्हरवर आठवडेच्या आठवडे बांधकाम करतात. मग एखाद्या रात्री कोणी अनोळखी आत शिरतो, सुरुंग पेरतो, बालेकिल्ल्यावर लाव्हा ओततो आणि निघून जातो. त्याला गुण मिळत नाहीत की खजिना. सकाळी बाकीच्यांची होणारी चिडचिड, एवढीच त्याची कमाई. अशांना गेमिंगच्या दुनियेत ‘ग्रीफर’ म्हणतात.

ही जात मोबाइलपेक्षा जुनी आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ साली ‘मड’ हा निव्वळ अक्षरांतून खेळायचा सामाईक खेळ लिहायला घेतला. पुढे त्याला येऊन मिळालेल्या रिचर्ड बार्टलने १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि मारेकरी. या चौथ्यांना मजा येते ती दुसऱ्यावर स्वतःला लादण्यात. म्हणजे असे लोक येणार, हे गृहीत धरूनच जग रचावे लागते.

ते गृहीत न धरल्याची किंमत ‘लॅम्बडामू’ने मोजली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिसने १९९० साली सुरू केलेला हा शब्दांचा वाडा. त्याच्या व्यवस्थापकांना ‘जादूगार’ म्हणत. रोजच्या तंट्यांना कंटाळून १९९२च्या अखेरीस जादूगारांनी जाहीर केले, की आम्ही फक्त तांत्रिक बाजू पाहू, भांडणे तुमची तुम्ही मिटवा. चारेक महिन्यांतच ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने एका छोट्या प्रोग्रामच्या आधाराने दिवाणखान्यातल्या इतर पात्रांकडून, त्यांच्या मालकांच्या इच्छेविरुद्ध, किळसवाणी लैंगिक कृत्ये ‘करवून’ घेतली. रहिवाशांची सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, ठराव मात्र झाला नाही. शेवटी एका जादूगाराने कोणालाही न विचारता ते पात्र पुसून टाकले. ज्युलियन डिबेल यांनी ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये डिसेंबर १९९३मध्ये ही हकिगत लिहिली आणि ती जगभर गाजली. कर्टिसने नंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. दरम्यान बंगलमागचा इसम मात्र नवे नाव घेऊन परत आलाच.

खाते बंद करणे हा उपाय किती तोकडा आहे, हे तेव्हापासून उघड आहे. नवे खाते उघडायला पाच मिनिटे लागतात.

कधी कधी मोडणाऱ्याला हत्यार खुद्द खेळच पुरवतो. १३ सप्टेंबर २००५ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘हक्कार’ नावाचा नवा राक्षस आला. त्याचा ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्गजन्य शाप त्याच्या गढीपुरताच राहायचा होता, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर पडला आणि आभासी शहरांत सांगाड्यांचा खच पडला. काहींनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, काही पळाले, तर काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवला. विलगीकरण फसले, कंपनीला सर्व्हर पूर्ववत करून खेळाचे नियमच बदलावे लागले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ साली ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या साथीवर निबंध लिहिला. कोरोनाच्या काळात तो पुन्हा चर्चेत आला.

‘सेकंड लाइफ’ या आभासी जगावर १९ नोव्हेंबर २००६ रोजी आपोआप दुप्पट-चौपट होत जाणाऱ्या सोनेरी कड्यांचा हल्ला झाला. सर्व्हर गुदमरले आणि लिंडन लॅब कंपनीला काही काळ प्रवेश थांबवावा लागला. पुढच्याच महिन्यात तिथे जमिनीचे व्यवहार करून प्रसिद्ध झालेल्या अँशी चुंग यांची जाहीर मुलाखत उडत्या अश्लील आकृत्यांनी उधळली गेली. मात्र या जगात जमीनमालकांच्या हाती खरी साधने होती. आपल्या हद्दीत परक्यांना वस्तू तयार करू न देणे, त्यांचे प्रोग्राम चालू न देणे, टाकलेल्या वस्तू ठरावीक मिनिटांनी आपोआप परत पाठवणे, त्रास देणाऱ्याला हद्दपार करणे, हे सगळे मालकाला स्वतः करता येई. प्रत्येक वेळी कंपनीच्या दारात जायची गरज नव्हती.

माइनक्राफ्टच्या सर्व्हरचालकांनीही हाच मार्ग धरला. पहिला बंदोबस्त दाराशी: यादीत नाव असलेल्यांनाच प्रवेश. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. येणाऱ्याला आधी बुरुजांच्या नजरेखालून जावे लागते. यादीचे कामही तेच. दुसरा बंदोबस्त अधिकारांचा: नव्याने आलेल्याला फिरू द्यावे, सुरुंग आणि लाव्हा हाताळू देऊ नये. तिसरा सर्वांत गुणकारी. ‘कोअरप्रोटेक्ट’सारखा जोडप्रोग्राम कोणता ठोकळा कोणी, केव्हा ठेवला किंवा फोडला याची नोंद ठेवतो. सकाळी ती नोंद उघडून एका माणसाने केलेली सारी मोडतोड एका आज्ञेत उलटवता येते. रात्रभर खपून केलेला विध्वंस क्षणात भरून निघतो म्हटल्यावर ग्रीफरची मजाच जाते.

या युक्त्या खेळाबाहेरही उपयोगी पडल्या. २०२०च्या टाळेबंदीत शाळा झूमवर गेल्या आणि वर्गात घुसून आरडाओरडा करणारे, अश्लील चित्रे दाखवणारे जगभर उपटले. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सूचना काढल्या: दर बैठकीला नवा क्रमांक आणि पासवर्ड घ्या, प्रतीक्षा कक्ष सुरू ठेवा, पडदा दाखवण्याचा अधिकार यजमानाकडेच ठेवा, सगळे आल्यावर बैठकीला कुलूप लावा. रायगड जिल्ह्याला तर ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने वेगळाच तडाखा दिला. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. डोंगरातल्या वाडीवरच्या मुलाला मुश्किलीने रेंज मिळत असताना वर्गातली दहा मिनिटेही कोणी उधळणे परवडणारे नव्हते.

आभासी वास्तवाच्या चष्म्यात हा त्रास थेट अंगावर येतो. मेटाच्या ‘होरायझन वर्ल्ड्‌स’मध्ये छेडछाडीच्या तक्रारी आल्यावर फेब्रुवारी २०२२मध्ये दोन पात्रांमध्ये सुमारे चार फुटांचे अदृश्य कुंपण घालण्यात आले. हवे असेल तर ते घाला, अशी नव्हे. आधीपासूनच घातलेले, अशी त्याची सुरुवात होती.

सगळेच उपद्रवी मुरलेले नसतात. ‘लीग ऑफ लेजंड्‌स’ चालवणाऱ्या रायट गेम्सला आढळले, की सतत विखार ओकणारे खेळाडू एक टक्क्याच्या आसपास होते आणि एकूण विखारात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के होता. बाकीचा विखार एरवी नीट वागणाऱ्या, त्या दिवशी डोके फिरलेल्या माणसांचा. म्हणून कंपनीने बंदीबरोबर कारणही कळवायला सुरुवात केली. आपण नेमके काय लिहिले, हे डोळ्यांसमोर आल्यावर सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

कायदा कुठे लागू होतो, हेही पालकांनी जाणून घ्यावे. फुटलेला आभासी बुरूज घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यात फारसा अर्थ नाही. पासवर्ड चोरून खाते बळकावणे, मुलांना अश्लील चित्रे पाठवणे, धमकावणे हे मात्र गुन्हे आहेत. त्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आहे, पैशांची फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक आहे आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८. तक्रारीपूर्वी त्रास देणाऱ्या खेळाडूचे नाव, वेळ आणि संभाषण दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. त्याला उलट उत्तर देऊ नये, कारण त्याला तेच हवे असते. आणि मुलांनी स्वतःचा सर्व्हर काढलाच असेल, तर झोपण्यापूर्वी तो बंद करून जगाचे फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवायची सवय लावावी. माइनक्राफ्टचे अख्खे जग त्या एका फोल्डरात मावते, आणि मोडतोड झालीच तर जुनी प्रत जागेवर ठेवायला काही मिनिटे पुरतात.