दुधाचा जामीन

कापूरहोळच्या धाराऊने बाळ संभाजीराजांना अंगावर पाजले, ही हकीकत ज्यांना ठाऊक आहे त्यांना, एका मातेचे दूध दुसरीच्या बाळास मिळावे यात नवल वाटावयाचे नाही. मात्र त्या काळी दाईचे घराणे, तिची प्रकृती व वर्तणूक सारा गाव जाणत असे, आणि तेवढ्यावर भिस्त ठेवून काम भागे. भिंतीपलीकडे कोण राहते याचाही जेथे पत्ता नसतो, त्या दिल्लीत या दुधाला जामीन कोणी राहावयाचे?

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली देशातील पहिली दुग्धपेढी स्थापून जो शिरस्ता घातला, त्याच वाटेवर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जून २०१७ मध्ये नॉर्वेच्या साहाय्याने ‘वात्सल्य – मातृ अमृत कोष’ उघडला. अशा पेढीत दात्या मातेच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व उपदंश यांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून त्वरित थंड करतात. आणि नमुन्यात एकही जंतू वाढला नाही असा दाखला आल्यावाचून, उणे २० अंशांत गोठवलेली ती बाटली बाळाकडे जात नाही.

कोणी म्हणेल, दूध सरळ उकळावे. परंतु उकळण्याने रोगजंतूंबरोबर मातेने दिलेली प्रतिद्रव्येही नष्ट होतात, ६२.५ अंश ही मध्यममार्गाची तडजोड असून, तीत एचआयव्हीसारखे विषाणू मरतात, प्रतिद्रव्यांचा बराच अंश टिकतो, विशिष्ट शर्करा जवळजवळ अबाधित राहतात, मात्र स्निग्धांश पचविणारे विकर गमवावे लागते. काही जिवाणूंची बीजे या उष्णतेलाही दाद देत नाहीत, म्हणूनच शेवटच्या परीक्षेचा आग्रह.

घरगुती देवघेवीत यांपैकी काहीच घडत नाही. दात्री कितीही मायाळू असली तरी तिच्या शीतकपाटातील गारठ्याने एचआयव्ही मरत नाही, आणि पंप नीट धुतला होता की नाही, हे दुधाच्या रंगावरून कळत नाही. पैसे मोजल्यानेही खातरजमा होत नाही. उलट मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने परिपत्रक काढून मातृदुग्धाच्या विक्रीस स्पष्ट मज्जाव केला आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यास वरच्या दुधापेक्षा पेढीचे हे दूध मानवते, तरी त्याच्या स्वतःच्या आईला पान्हा फुटेपर्यंतची ती सोय होय. म्हणून जिला दूध उरते आहे, तिने ते शेजारणीच्या हाती न देता पेढीच्या स्वाधीन करावे.