भांबुर्ड्यातले खादीधारी पाद्री

१८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुणेकर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि लोकमान्य टिळक आणि रानड्यांसकट सगळे ख्रिस्त्यांकडच्या चहावरून प्रायश्चित्ताच्या वादात सापडले. मिशनऱ्यांनी बोलवायचे आणि आलेल्याने घरी जाऊन निस्तरायचे, असा तो मामला होता. शहरातल्या शिकलेल्या माणसाशी ख्रिस्ती माणसाने संबंध जोडायचा कसा, हा पेच मात्र तसाच राहिला.

तो पुन्हा हाती घेतला जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने. ईटन आणि ऑक्सफर्डला शिकलेला विन्स्लो १९१४ मध्ये मिशनरी म्हणून इकडे आला. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा त्याच्यावर फार प्रभाव. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘ख्रिस्ताचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. विन्स्लोने त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९२२ मध्ये नगरला काही तरुणांसह ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. गोरे आणि देशी सभासद एका छताखाली राहतील, एकच अन्न खातील, खादी नेसतील, हा त्याचा पाया. साहेबाचा बंगला एकीकडे आणि देशी ख्रिस्ती पंतोजीची खोली दुसरीकडे, हे ज्या काळात कुणाला खटकतही नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस संघ पुण्यात आला. जागा निवडली ती भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, शेतकी कॉलेजच्या आसपास. इंजिनिअरिंग कॉलेज आणि फर्ग्युसनही पायी जाण्याच्या अंतरावर. जागेची निवड पाहिली तरी संघाचे लक्ष कुणाकडे होते ते कळते. आश्रमाबरोबर विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. प्रार्थनेला जाताना चपला दाराबाहेर, बैठक जमिनीवर, जेवण साधे, शाकाहारी. उपासनाही इंग्लंडहून जशीच्या तशी उचललेली नव्हती. सुरियानी परंपरेवर बेतलेला एक उपासनाविधी विन्स्लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इथल्यासाठी तयार केला होता, तो चाले. कॉलेजच्या पोराला पकडून पत्रक देण्यापेक्षा त्याच्या शेजारी राहावे, तो काही विचारील तेव्हा बोलावे, अशी ही पद्धत. वेळखाऊ, आणि मिशनच्या वार्षिक अहवालात दाखवायला जवळजवळ निरुपयोगी.

पण शेजारी राहण्याचे परिणाम दोन्हीकडे होतात. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन या संघात दाखल झाला, वय पंचविशीचे. १९२८च्या जानेवारीत तो साबरमतीला एका परिषदेसाठी गेला आणि गांधींचा होऊन परतला. १९३० मध्ये सत्याग्रहाची बाजू घेणारे ‘क्राइस्ट अँड सत्याग्रह’ त्याने लिहिले. विद्यार्थ्यांना ख्रिस्ताकडे आणायला आलेला हा पाद्री स्वतःच चळवळीकडे ओढला गेला. पुढे तो संघातून बाहेर पडला आणि १९३२ मध्ये संघातलाच मराठी सोबती शामराव हिवाळे याला घेऊन गोंडांच्या करंजिया गावी जाऊन राहिला. काही वर्षांत त्याने चर्चही सोडले. मिशनच्या हिशेबात हे नुकसानच. पण भारताला एक मोठा मानववंशशास्त्रज्ञ मिळाला तो या वाटेने.

१९३४ मध्ये संघ दुभंगला. संसारी सभासदही असलेल्या संघातून पूर्ण संन्यस्त जीवन हवे असणारे वेगळे झाले. ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हे नाव त्यांचे. विन्स्लो त्याच वर्षी मायदेशी गेला. त्याआधीच इंग्लंडला परतलेल्या अल्जी रॉबर्टसन या संघाच्या पाद्र्याने तिथे ‘सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस’ या अँग्लिकन पंथाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, पण या पंथाची जी तत्त्वे त्याचे बंधू महिनाभर रोज थोडी थोडी वाचतात, ती मुळात या मराठी मुलखातल्या संघाच्या तत्त्वांवरून घेतलेली आहेत.

पुण्यातल्या आश्रमाला दुसरा जन्म मिळाला १९७२ मध्ये, बायकांच्या हातून. सेक्रेड हार्ट या कॅथलिक पंथाच्या वंदना माताजी आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी एकत्र आल्या. वाँटेज म्हणजे पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला ते गाव, आणि पंचहौदलाही याच भगिनी काम करीत. पुढे आश्रमाच्या आचार्या झालेल्या सारा ग्रँट मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत आणि त्यांचा प्रबंध शंकराचार्यांवर. साहजिकच बायबलच्या जोडीला उपनिषदे आणि गीता वाचली जाऊ लागली, आरती आली, मौन आले.

टीका दोन्हीकडून झाली. चर्चमधल्या काहींना हा सगळा हिंदूपणा वाटला आणि हिंदुत्वाच्या बाजूने १९८८ मध्ये सीताराम गोयल यांनी ख्रिस्ती आश्रमांना ढोंगी ठरवणारे पुस्तकच लिहिले. मला या दोन्हींपेक्षा तिसरा आक्षेप जास्त खरा वाटतो, आणि तो दलित ख्रिस्त्यांचा आहे. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. त्यांच्या आजोबांना ज्या संस्कृतापासून लांब ठेवले, तेच भारतीयपण म्हणून त्यांच्यापुढे का यावे? विन्स्लोने ज्यांचे चरित्र लिहिले त्या टिळकांनी अभंग आणि कीर्तन निवडले होते, आणि नगरकडच्या खेड्यातल्या ख्रिस्ती देवळात आजही त्यांचीच पदे पेटी-तबल्यावर म्हणतात. तिथून शेतकी कॉलेजला आलेल्या मुलाला आश्रमातल्या उपनिषदापेक्षा ती जवळची वाटली, तर त्यात नवल नाही.