फुटपाथवरची तुती

जूनअखेरीस टोरोंटोचे कितीतरी फुटपाथ तुतीने जांभळे होतात. लोक बूट जपत पुढे जातात आणि दुकानातून डबीतली बेरी विकत आणतात! डबीत आलं तेच फळ खाण्याजोगं, हा समज इथे फार पक्का आहे.

२००८ मध्ये इथे सुरू झालेल्या 'नॉट फार फ्रॉम द ट्री' या संस्थेने तो मोडायला घेतला. अंगणातली चेरी, सफरचंदं, नासपती स्वयंसेवक उतरवतात. तीन वाटे होतात: घरमालकाचा, तोडणाऱ्यांचा आणि गरजूंना जेवू घालणाऱ्या संस्थांचा.

पण याला फुकटचं खाणं म्हणू नका. शिडी, छाटणी, वर्षानुवर्षांची निगा, सगळं कुणीतरी केलेलं असतं.

शेजाऱ्याच्या अंगणात तुती असेल तर यंदा विचारून चादर अंथरा, फांदी हलवा. मुलांनाही सोबत न्या.