सेकंड हँड स्पोर्ट्स बाइक: इंजिन आधी थंड बघा, मग तापवून बघा

ज्यांच्या फोनमध्ये सध्या पाच-सहा सेकंड हँड बाइक्सच्या जाहिराती सेव्ह करून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड आहे. ‘आर१५ व्ही३ बघितली, लुक एकदम कडक आहे, पण इंजिन कसं आहे ते कसं कळणार?’ किंवा ‘ड्यूक ३९० बजेटमध्ये बसतेय, घेऊन टाकू का?’ हे प्रश्न सारखे येतायत. म्हणून आज फक्त इंजिनबद्दल बोलू. कागदपत्रं, टायर, फोर्क हे सगळं वेगळ्या भागात घेऊ.

आधी हे बघू, की स्पोर्ट्स बाइकच्या इंजिनाला एवढं घाबरायचं कारण काय.

‘बोअर मारून घेऊ’ इथे चालत नाही

आपल्याकडे जुनी सवय आहे. कम्युटर गाडीने धूर सोडायला सुरुवात केली की मेकॅनिककाका म्हणतात, ‘बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू, गाडी नवी.’ त्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा लोखंडी स्लीव्ह असते. ती आतून थोडी खरवडून मोठी करता येते, म्हणून हा उपाय चालतो.

यामाहा आर१५ चा सिलिंडर डायासिल म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असतो. त्यात लोखंडी स्लीव्हच नाही. केटीएम ३९० च्या सिलिंडरला आतून निकासिलचा पातळ थर असतो, निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेला. दोन्ही प्रकार प्रचंड टणक आहेत, उष्णता पटकन बाहेर टाकतात आणि नीट सांभाळले तर खूप टिकतात. पण एकदा आत ओरखडे पडले, की गल्लीतल्या गॅरेजमध्ये बोअर मारायचा विषय संपला. सिलिंडर आणि पिस्टनचा अख्खा सेट बदलावा लागतो. गाडी १५-२० हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून खूश झालेला माणूस तिथे ते सगळे पैसे परत घालवतो, वर मजुरी वेगळी.

शिवाय या इंजिनांवर ताण जास्त असतो. आर१५ व्ही३ चं इंजिन १५५ सीसीचं, कॉम्प्रेशन रेशो ११.६:१. साध्या १०० सीसीच्या गाडीत हा आकडा ९-१० च्या आसपास असतो. त्यात स्पोर्ट्स बाइक घेणारा माणूस ती रेडलाइनपर्यंत पळवणारच, त्यासाठीच तर घेतली. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हायवेवर वेगात असताना इंजिन सीझ झालं, तर मागचं चाक लॉक होऊ शकतं. अशा वेळी लगेच क्लच दाबायचा, हे आत्ताच लक्षात ठेवा.

एकच नियम: दोन अवस्था

मी दिवसभर कोड लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये काही बग सिस्टिम नुकतीच सुरू होताना दिसतात, तर काही तासभर लोड दिल्यावर. इंजिनाचंही तसंच आहे. थंड इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट जास्त असते, त्यामुळे झीज झालेली असेल तर आवाज लगेच कळतो. इंजिन तापलं की पिस्टन प्रसरण पावतो, फट कमी होते आणि तोच आवाज गायब होतो. बेअरिंगची गोष्ट उलटी. तापल्यावर तेल पातळ होतं, त्याचा दाब कमी होतो, आणि झिजलेलं बेअरिंग तेव्हा बोलायला लागतं.

म्हणून फक्त तापलेली गाडी बघितली तर अर्धे दोष सुटतात, आणि नुसती थंड बघितली तर उरलेले अर्धे.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी विक्रेत्याला फोन करा: ‘दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनच्या कव्हरजवळ हात न्या. हात न लावताच धग जाणवली, तर शांतपणे सांगा की तुम्ही चहा पिऊन दीड-दोन तासांनी येता. लगेच संशय घेऊ नका. बरेच लोक गाडी धुवायला नेतात किंवा भेटायच्या जागेपर्यंत चालवत आणतात. पण कारण काहीही असो, थंड इंजिन बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

चावी फिरवायच्या आधी

गाडी साइड स्टँडवरून उचलून सरळ उभी करा. तिरक्या गाडीत तेलाची लेव्हल चुकीची दिसते. काही गाड्यांना तेल बघायला काचेची छोटी खिडकी असते, काहींना डिपस्टिक. तेल काळं आहे एवढ्यावरून घाबरू नका. बाइकमध्ये इंजिन, गियर आणि क्लच एकाच तेलात असतात, त्यामुळे ते लवकर काळं पडतं. बोटावर घेऊन चोळा. चमकणारे धातूचे कण लागले, तर ती गाडी तिथेच सोडा. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट तेलात मिसळतोय. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला किंचित फेस असेल, तर पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यामुळेही तसं होतं. तेव्हा झाकण आणि खालचं तेल दोन्ही बघा.

तेल अगदी मधासारखं नवं दिसलं तर विचारा: ‘कधी बदललं? बिल आहे का?’ विकायच्या दोन दिवस आधी बदललेलं तेल गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

मग कूलंट. रेडिएटरचं झाकण उघडायचं ते फक्त इंजिन पूर्ण थंड असताना. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं तर उकळता कूलंट अंगावर उडतो. आत रंगीत, स्वच्छ कूलंट दिसायला हवा. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर कोणीतरी नळाचं पाणी भरून काम भागवलंय, म्हणजे आतून गंज सुरू झालेला असू शकतो. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

आता खाली बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि इंजिनच्या कडा बघा. ओलसर तेलावर चिकटलेली धूळ, एम-सीलने बुजवलेली भेग, क्लच किंवा मॅग्नेटच्या कव्हरवर ओरखडे, बोल्टची झिजलेली डोकी, सगळ्याचे फोटो काढा. बोल्टची डोकी झिजलेली असतील तर इंजिन आधी उघडलेलं आहे. उघडणं हा गुन्हा नाही, पण का उघडलं आणि कोणी उघडलं, याचं उत्तर मिळायला हवं. टेललाइटच्या खालचा भाग किंवा मागची नंबर प्लेट रस्त्यावर घासलेली दिसली, तर गाडी स्टंटसाठी वापरलेली असू शकते. लांब व्हीलीत तेल मागे सरकतं आणि तेलाच्या पंपाला हवा ओढावी लागू शकते. त्याची किंमत बेअरिंग मोजतात.

आणि हो, इंजिन नंबर आरसीशी जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

थंड स्टार्ट: पहिली ३० सेकंदं

चावी फिरवा, पण स्टार्टर दाबू नका. मीटरवर चेक इंजिनचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत किंवा इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा विझतच नसेल तर सिस्टिममध्ये फॉल्ट आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दिवा अजिबात पेटलाच नाही, तर जास्त सावध व्हा. कोणीतरी तो दाबून टाकलेला असू शकतो.

आता फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विक्रेत्याला गाडी चालू करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा. थ्रॉटल द्यायचा नाही. फ्युएल इंजेक्शनचं निरोगी इंजिन थ्रॉटलशिवाय चालू होतं, थोडा वेळ आयडल जास्त राहतो, मग खाली येतो.

आवाज असे ओळखा:

- चालू होताच दोन-तीन सेकंद खळखळ आणि मग शांत: तेलाच्या दाबावर चालणाऱ्या कॅम चेन टेन्शनरच्या गाड्यांत असं होतं. खळखळ थांबतच नसेल तर चेन किंवा टेन्शनरचा खर्च धरा.
- थंड असताना पोकळ टपटप, पाच-दहा मिनिटांनी कमी होणारी: पिस्टन आणि सिलिंडरमधली फट वाढल्याची शक्यता.
- वरून येणारी हलकी, एकसारखी टिकटिक: टॅपेटची. साधारणपणे ॲडजस्टमेंटचं काम.
- खालून येणारी जड ठकठक, आरपीएमबरोबर वाढणारी: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ‘नमस्कार दादा, विचार करून सांगतो’ म्हणा आणि निघा.

टॅपेटबद्दल एक उलटी गोष्ट. लोक आवाजाला घाबरतात, पण जास्त त्रास न वाजणाऱ्या टॅपेटचा असतो. व्हॉल्व्हची फट कमी होत गेली की आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. ड्यूक ३९० सारख्या डबल कॅमच्या इंजिनात ही फट शिम बदलून बसवावी लागते. काम वेळखाऊ आहे, म्हणून अनेक मालक ते टाळतात. गाडी बरीच चाललेली असेल तर ‘व्हॉल्व्ह क्लिअरन्स शेवटचं कधी चेक केलं?’ हा प्रश्न जरूर विचारा.

धूर काय सांगतो

सकाळी थंडीत पांढरी वाफ दिसली आणि विरून गेली, तर काही नाही. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळतोय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, आणि तो कधी येतो यावर खर्च ठरतो. फक्त चालू करताना येत असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील. जोर देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून नंतर एकदम उघडल्यावर येत असेल, तर पुन्हा व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड.

आता तापवा

हेल्मेट, लायसन्स, मोकळा रस्ता. किमान १५-२० मिनिटं चालवा, थोडं ट्रॅफिकही येऊ द्या. चौथ्या गियरमध्ये मध्यम वेगात असताना थ्रॉटल उघडा. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतायत. प्रत्येक गियरमध्ये जोर द्या आणि सोडा, गियर आपोआप सुटतो का बघा, विशेषतः दुसरा. मग गाडी उभी करून आयडलवर ठेवा. इंजिन पुरेसं तापल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. नवी ठकठक ऐकू येते का, ते आता पुन्हा ऐका. थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग आहेच, शेजारी शेजारी ऐकून बघा. शेवटी इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत चालू करा. गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर ते टिपून ठेवा.

मीटरवर विश्वास किती?

किलोमीटरचा आकडा हा पुरावा नाही, तो दावा आहे. मीटर बदलता येतं. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, ते मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०१९ ची, चाललीय ९ हजार आणि दोन्ही टायर २०२३ चे, तर विचारा, का? फूटपेगचं रबर आणि ब्रेक डिस्कच्या कडेची झीजही आकड्याशी जुळायला हवी.

शेवटची चाचणी मेकॅनिककडे

गाडी पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारतात. आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच जुळवायचा, मित्राच्या गाडीशी नाही. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजतात. आता वाढला तर रिंग झिजल्यात, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे बघा. प्लग बाहेर आहेच तर त्याचा रंगही बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी चांगला, तेलकट काळा वाईट. एअर फिल्टरही उघडायला सांगा. चोंदलेला फिल्टर बदलणं स्वस्त आहे, पण ज्याने तोही बदलला नाही त्याने शिम बदलल्या असतील का, याचा विचार करा.

विक्रेता या टेस्टला ‘कशाला उगाच’ म्हणाला, तर त्याला खर्च तुम्ही देताय हे सांगा. तरीही नाही म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

हिशोब असा करा: क्लच प्लेट, टॅपेट, कॅम चेन, फिल्टर यांचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि किमतीतून वजा करा. तेलात धातू, कूलंटमध्ये तेल, खालून ठकठक, जोर देताना निळा धूर यातलं एकही दिसलं, तर घासाघीस करत बसू नका, घरी या. तीच गाडी, तोच रंग, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाकडे तरी विकायला असतेच.

थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग असेल तर आम्हाला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये काही आवाज ऐकवू आणि त्यावर बोलू. तोवर गाडी सावकाश चालवा, हेल्मेटचा पट्टा लावा. भेटूया!