दमणला लग्न आहे आणि सोबत रुग्णही येणार आहे? पालघर-बोईसरहून निघण्याआधी

पालघर, बोईसर, तारापूर भागातली बरीच लग्ने आता दमणच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये होतात, काही सिल्वासाला. अंतर फार नाही. बोईसरहून दमण रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास आहे. पत्रिकेसोबत व्हॉट्सॲपवर रस्ताही आलेला असतो: चिल्हार फाट्याला हायवे, मग चारोटी, तलासरी, भिलाड, वापी आणि तिथून डावीकडे दमण. त्या संदेशात आजीच्या इन्सुलिनची वेळ नसते आणि रात्री छातीत दुखले तर कुठे जायचे तेही नसते. तेवढे तुम्हाला स्वतः लिहून काढावे लागते.

दोन-अडीच तासांच्या प्रवासाने सहसा कोणी आजारी पडत नाही. बिघडते ते वेळापत्रक. सकाळी आठचा नाश्ता दहाला होतो, दुपारचे जेवण चारला, रात्रीचे अकराला, आणि गोळ्या मात्र घरच्या घड्याळाने घेतल्या जातात किंवा घेतल्याच जात नाहीत.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये. गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, आडवे झाल्यावर दम लागत असेल, पायावरची सूज वाढत असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील, तर आधी भेट घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी.

गाडी की रेल्वे?

चालण्याफिरण्याची ताकद असलेल्या ज्येष्ठांना मी रेल्वे सुचवतो. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंतच जाते आणि तिच्यात शौचालय नसते. त्यामुळे वापीपर्यंत थेट जाणारी, बोईसर किंवा पालघरला थांबणारी एक्स्प्रेस निवडा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे फार सोयीचे पडते. वापीला गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच्या स्टेशनलाच दाराजवळ येऊन बसावे. पुढे दमण रिक्षा-टॅक्सीने साधारण १२ किलोमीटर.

गाडीने जाणार असाल तर मागच्या सीटवरही बेल्ट लावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, त्यात मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. हाच रस्ता तुमच्या लग्नाचाही आहे. गरोदर स्त्रीने खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर घ्यावा आणि तिरका पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने.

गाडी लागत असेल तर पुढे बसा, निघण्याआधी हलके खा. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची असते, वाघोबा घाट लागल्यावर घेऊन उपयोग नाही. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांनी ही गोळी विचारूनच घ्यावी. पुण्या-नाशिकहून चार तासांपेक्षा जास्त प्रवास करून येणाऱ्यांनी मध्ये उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका लांबच्या प्रवासात वाढतो.

औषधे कुठे ठेवायची, कधी घ्यायची

औषधे हातातल्या पर्समध्ये ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही. बॅग दुसऱ्या गाडीतून जाते आणि औषधेही तिच्याबरोबर. दोन दिवसांचा मुक्काम असेल तर चार दिवसांच्या गोळ्या घ्या. औषधाचे मूळ नाव असलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोन जणांच्या फोनमध्ये असू द्या.

वापरात असलेले इन्सुलिन पेन ३० अंशांखाली ठीक राहते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते खराब होते. बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नाही.

जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी ताट समोर आल्यावरच घ्या. "पंगत बसतेय" या शब्दावर विश्वास ठेवू नका. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, असंबद्ध बोलणे दिसले तर साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल किंवा तपासायला यंत्रच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

हृदयविकारासाठी लघवीची गोळी घेणारे अनेक जण प्रवासाच्या दिवशी ती बंद ठेवतात. कारण समजण्यासारखे आहे, पण त्यावर पापड, लोणचे, फरसाण पडले की दुसऱ्या रात्री दम लागतो. गोळी चुकवू नका. पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुतेकांना चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकता कामा नये.

डायलिसिसवरच्या रुग्णांनी पाळी पुढे ढकलू नये, शक्य असेल तर आदल्या दिवशीची घ्यावी. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. रिसॉर्टच्या दारात स्वागताला शहाळे देतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि किडनी निकामी असलेल्या माणसाच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते. नम्रपणे नको म्हणा.

दारूबद्दल स्पष्ट बोलू

दमणमध्ये दारू खुली आहे. वापी गुजरातेत येते आणि तिथे दारूबंदी आहे, त्यामुळे परतताना बाटली सोबत नेणे गुन्हा ठरतो. आरोग्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा माणूस न जेवता प्यायला, तर साखर लगेच नाही, काही तासांनी, झोपेत उतरते. आणि साखर उतरलेला माणूस अगदी प्यायलेल्यासारखाच दिसतो. "चढलीये, झोपू द्या" म्हणून खोलीचे दार ओढून घेतले जाते. मधुमेही पाहुणा विचित्र बोलू लागला, तर आधी साखर तपासा, मग चेष्टा करा. फिट्स येणाऱ्यांनी दारू आणि जागरण दोन्ही टाळावे.

सीमेपलीकडे मदत कशी मिळते

या एका प्रवासात तीन प्रशासने लागतात. अच्छाडपर्यंत महाराष्ट्र, मग गुजरात आणि नंतर दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश (२६ जानेवारी २०२० पासून एकत्र). १०८ क्रमांक तिन्हीकडे चालतो, पण सीमेजवळ फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, गाव आणि हायवेची कुठली बाजू ते सांगा: "महाराष्ट्र, तलासरी, गुजरातकडे जाणारी लेन."

वाटेत कासा आणि डहाणूला उपजिल्हा रुग्णालये आहेत, धुंदलवाडीला वेदांता मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, वापीत हरिया रोटरी हॉस्पिटल, दमणला मरवडचे सरकारी रुग्णालय आणि सिल्वासाला विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर घरी बोईसरला परतायचा विचार करू नका, जवळच्या रुग्णालयात जा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून द्या.

आयुष्मान कार्ड देशभर नोंदणीकृत रुग्णालयांत चालते, ७० वर्षांवरील व्यक्तींचे वय वंदना कार्डही. महात्मा फुले योजनेच्या भरवशावर मात्र दमणला जाऊ नका. खाजगी विमा असेल तर कार्ड आणि टोल-फ्री क्रमांक सोबत ठेवा.

यजमानांना एक विनंती. पाहुण्यांना रस्ता पाठवताना त्याखाली जवळचे रुग्णालय, लिफ्ट आहे की नाही आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्या, न पिणाऱ्या माणसाचा नंबर लिहा. ज्येष्ठांना तळमजल्याची खोली द्या आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहू द्या. अनोळखी बाथरूममध्ये घसरून मांडीचे हाड मोडणे वृद्धांत नेहमीचे आहे.

परत आल्यावर हृदयरुग्णांनी तीन दिवस रोज सकाळी वजन पाहावे. दोन किलोने वाढले असेल किंवा झोपताना उशी वाढवावी लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.