काचऱ्यांचं झाकण

रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांना एकदम भूक लागलेली असते. अशा वेळी पोटभर, गरम आणि झटपट काही करायचं, तर बटाट्याच्या काचऱ्यांना तोड नाही. पाच-सहा बटाटे, दोन पळ्या तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ, एक लोखंडी कढई आणि तिच्यावर बसणारं झाकण एवढं पुरतं. सोबत पोळ्या असल्या की न्याहारी झाली. पण या कढईत वीस मिनिटांत काय काय घडतं ते कळलं की थक्क व्हायला होतं. काचरीची जाडी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तेवढ्यात आतला गर वाफेवर शिजून मऊ व्हायला हवा आणि कडा कोरड्या होऊन खरपूस भाजल्या जायला हव्यात. आतल्या कामाला पाणी लागतं, बाहेरच्या कामात पाण्याचा अडसर होतो. ही दोन्ही कामं आपण एका झाकणाच्या जोरावर करून घेतो.

सुरुवात चिरण्यापासूनच होते. चिरताना विळीच्या पात्याला पांढुरकं पाणी लागतं. चिरल्या गेलेल्या पेशींतून सांडलेला तो स्टार्च. काचऱ्या पाण्यात टाका, थोड्या वेळाने उपसा आणि पाणी अलगद ओतून द्या. पातेल्याच्या तळाशी शुभ्र साका दिसेल. त्यावर बोट जोरात दाबलं तर तो दगडासारखा घट्ट लागतो, आणि हळूच फिरवलं तर दह्यासारखा सरकतो. बटाट्याच्या स्टार्चचे कण वनस्पतींच्या जगात मोठ्यांपैकी आहेत. सर्वांत मोठे कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे भरतात, तर तांदळाचे त्यांच्या दहाव्या हिश्शाएवढेही नसतात. डोळ्यांतून कोंब फुटतील तेव्हा उपयोगी पडावा म्हणून झाडाने हा साठा जमिनीखाली करून ठेवलेला असतो. पाण्यात टाकल्याने दोन गोष्टी साधतात. हवेतला ऑक्सिजन लागून काप काळे पडतात ते टळतं, आणि वरवरचा स्टार्च धुऊन गेल्याने काचऱ्या एकमेकींना चिकटत नाहीत. मात्र नंतर त्या फडक्यावर पसरून नीट पुसायलाच हव्यात. हा कंटाळा करू नये.

फोडणीचं काम लवकर उरकतं. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे तेलाचा हात लागलेली प्रत्येक काचरी एकसारखी पिवळी होते.

मग झाकण. पूर्वीपासून बायका कढईवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतत आल्या आहेत, आणि मला ही घरोघरची युक्ती विलक्षण हुशारीची वाटते. ताटलीतल्या पाण्यामुळे तिची खालची बाजू वाफेपेक्षा थंड राहते. वाफ तिथे टेकते, तिचे थेंब होतात आणि परत काचऱ्यांवर पडतात. वरून वेगळं पाणी घालावं लागत नाही, कारण बटाट्यात वजनाच्या जवळपास ८० टक्के पाणीच असतं. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण हे पाणी शोषून फुगू लागतात आणि पेशीच्या आत गच्च भरतात. त्याहून जास्त उष्णतेत पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन सैल होतं, आणि काचरी बोटाने दाबली तर तुटते.

यात एक मोठी गंमत आहे. ५५ ते ७० अंशांच्या टप्प्यात बटाटा बराच वेळ राहिला, तर त्याच्यातलंच एक एन्झाइम पेक्टिनची घडण अशी बदलतं की कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. मग तो पुढे उकळला तरी सहज मऊ होत नाही. तळायच्या फोडी आकार टिकवून राहाव्यात म्हणून कारखान्यांत या गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. आपल्याला मात्र काचऱ्या मऊ हव्यात, म्हणून गॅस सुरुवातीपासून अगदी मिणमिणता ठेवू नये. आंबटाचंही तसंच आहे. आम्लात पेक्टिन सहजी सुटत नाही, म्हणून टोमॅटो किंवा चिंच आधी पडली की बटाटा हटून बसतो. लिंबू पिळायचं ते शेवटी.

झाकणाखाली तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपाशी अडतं. समुद्रकिनारी तो १०० अंश, साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरात ९५-९६. आणि बटाट्याचं मूळ घर कुठलं, तर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. दक्षिण पेरूपासून तितिकाका सरोवराच्या परिसरापर्यंतच्या उंच प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाने रानबटाटा माणसाळवला. तितिकाकाचं पाणी ३,८०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं. तिथल्या लोकांनी रात्रीची कडक थंडी आणि दिवसाचं ऊन वापरून बटाटे गोठवले, पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढलं आणि वाळवले. हा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकतो. असं हे पीक स्पेनमार्गे युरोपात गेलं, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलं आणि आज पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर भर पावसाळ्यात उभं असतं. देशातला बहुतेक बटाटा उत्तरेच्या मैदानांत हिवाळ्यात पिकतो, म्हणून या पठाराचं मला फार अप्रूप आहे.

आता झाकण काढा आणि कान देऊन ऐका. चर्रर्र आवाज येतो तो निसटणाऱ्या पाण्याचा. जोवर काचरीच्या अंगावर ओल आहे, तोवर ती शंभराच्या वर चढत नाही आणि तांबूसही होत नाही. आवाज बारीक झाला की समजावं, पृष्ठभाग कोरडा झाला. मग तापमान झपाट्याने वाढतं आणि १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जाऊन शेकडो नवी गंधद्रव्यं तयार होऊ लागतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं; ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कढईच्या तळाशी लागलेल्या ज्या काचऱ्यांसाठी मुलं भांडतात, त्यांची चव इथून येते.

ही अभिक्रिया किती पुढे जाते ते बटाट्यातल्या साखरेवर ठरतं. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा स्टार्चची साखर करू लागतो, आणि त्याच्या काचऱ्या शिजण्याआधीच काळपट नि कडवट होतात. वेफर्सवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने त्यांच्यासाठी कमी साखरेची ‘कुफरी चिप्सोना’ ही जात काढली; तिचे पहिले दोन वाण १९९८ मध्ये आले. पुढे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की असे पदार्थ खूप तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड हे नकोसं रसायन तयार होतं. तेव्हा बटाटे टोपलीत, अंधारात, हवेशीर ठेवावेत आणि काचऱ्या सोनेरी झाल्या की गॅस बंद करावा. उजेडाने हिरवे पडलेले बटाटे घेऊच नयेत. त्यांतलं सोलानिन शिजवून जात नाही.

काचऱ्या उरल्या आणि गार झाल्या, तर फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा ओळीने जवळ येतात. म्हणून डब्यातल्या काचऱ्या थोड्या ताठ लागतात. या ताठ स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. त्याच काचऱ्या दुपारी तव्यावर परतल्या की पुन्हा मऊ होतात, पण सगळा स्टार्च काही पूर्ववत होत नाही.