रामपुरी चाकू : नावाची पत

लखनौला गेलेला प्रवासी एखादी संध्याकाळ हजरतगंजात घालवतोच. २०१० मध्ये द्विशताब्दी साजरी केलेल्या या बाजारपेठेत निरुद्देश फेरफटका मारण्याला लखनौकरांनी ‘गंजिंग’ असे लाडके नाव दिले आहे. दुकानांच्या रांगा पाहत जाताना पावले थबकतात ती चिकनकारीच्या कुर्त्यांपाशी. या भरतकामाला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि ‘लखनौ चिकन’ या नावाला कायद्याचे कवच लाभले. परंतु याच राज्यातील आणखी एका हस्तकलेचे नाव उच्चारले, तर ऐकणारा क्षणभर दचकतो. ती कला म्हणजे रामपुरी चाकू.

लखनौपासून सुमारे ३०० किलोमीटरांवरील रामपूर हे १७७४ मध्ये नवाब फैजुल्ला खान यांच्या काळात उदयास आलेल्या रोहिला संस्थानाचे शहर. संस्थानी काळापासून तेथे शस्त्रे घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा होती. त्याच परंपरेतील घडीच्या चाकूने शहराचे नाव देशभर पोहोचविले.

घडीचा चाकू दिसायला साधा, पण घडवायला अवघड. पोलादाचे पाते तापवून, ठोकून आकारास आणावे लागते. नंतर त्याला ‘पाणी’ द्यावयाचे, म्हणजे लालबुंद पाते एकदम थंड करून कठीण करावयाचे. पाते फार कठीण झाले तर ते काचेसारखे तुटते, मऊ राहिले तर धार टिकत नाही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. मुठीच्या पाठीला असलेल्या कमानीला मात्र लवचीकपणाच अधिक हवा. पाते उघडले की कमानीचा दात त्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. काही चाकूंच्या पात्याला अशा अनेक खाचा असतात. म्हणून ते टप्प्याटप्प्याने, कटकट वाजत उघडतात. पाते, कमान आणि खीळ यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी चाकू खिळखिळा होतो. कारागिराची खरी परीक्षा असते ती या सांध्यात.

दुर्दैवाने हाच आवाज हिंदी चित्रपटांनी उचलला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पडद्यावरील गुंडाच्या हाती रामपुरी असणे जणू ठरूनच गेले. मराठीतही ‘रामपुरी’ हा शब्द शहराची नव्हे, तर मारामारीची आठवण करून देऊ लागला. वास्तविक भारतीय शस्त्र नियमांत घरगुती वा शेतीच्या वापराखेरीजची, ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र मानली जातात. उत्तर प्रदेशात मात्र १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध आले. लोकांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने उचललेले हे पाऊल समजण्यासारखे होते. तथापि ज्या लांब पात्यामुळे रामपुरी ओळखला जाई तेच गेले, आणि उरलेल्या लहान चाकूची गाठ बाहेरून येणाऱ्या स्वस्त, यंत्रनिर्मित मालाशी पडली. अनेक कारागिरांनी भाता बंद करून दुसरा रोजगार पत्करला.

अशाच घडीच्या चाकूने फ्रान्समध्ये वेगळी वाट धरली. दक्षिणेकडील लायोल या गावात १८२९ च्या सुमारास मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या उपयोगाचा चाकू घडू लागला. पुढे त्याला आजारी जनावरांच्या उपचारासाठी टोचा आणि त्यानंतर बाटलीचे बूच काढण्याचा पेचही जोडला गेला. सव्वा प्रदेशातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू तयार केला. तो आजही बनतो. थिएर या चाकूंच्या शहरात तर धार लावणारे कारागीर नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडांवर पालथे झोपून काम करीत आणि उबेसाठी पायांवर कुत्र्याला बसवीत. तेथे चाकू ही भाकरी कापण्याची, जेवणाच्या टेबलावर मानाने ठेवण्याची वस्तू राहिली.

तरीही तेथील कारागिरांची वाट निष्कंटक नव्हती. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ‘लायोल’ हे नाव स्वतःच्या व्यापारचिन्हात नोंदवून घेतले आणि परदेशी बनावटीच्या वस्तूंवरही ते झळकू लागले. गावाने न्यायालयात दाद मागितली. २०१२ मध्ये ते हरले. अखेर २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यांपैकी अनेक व्यापारचिन्हे रद्द केली. आपलेच नाव परत मिळविण्यासाठी गावाला इतकी वर्षे झगडावे लागले.

या दोन कहाण्या एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ठळक होते. कारागिराच्या भांडवलात भाता, पोलाद आणि हातातील कसब यांच्याबरोबर नावाची पतही असते. ही पत कोणी पळविली, तर न्यायालयात भांडून परत मिळविता येते. ती बदनाम झाली, तर ती सावरण्याचे काम ग्राहकांनाच करावे लागते. मार्च २०२३ मध्ये रामपुरात ‘चाकू चौक’ उभा राहिला आणि तेथे पितळ व पोलादाचा सुमारे २० फुटी चाकू बसविण्यात आला. गावाने आपल्या नावाची लाज सोडल्याची ही खूण म्हणता येईल. पण चौकातील चाकूने चूल पेटत नाही. कायद्याच्या मापातील, फळे व भाजी चिरणारा, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हातघडणीचा चाकू कोणी मागेल, तेव्हाच भाता पुन्हा फुलेल.

फ्रान्समध्ये एक जुनी रीत आहे. कोणी चाकू भेट दिला, तर घेणाऱ्याने त्याच्या हातावर एक नाणे ठेवावयाचे. नाही तर मैत्री कापली जाते, असे मानतात. रामपूरच्या कारागिराने आजवर देशाला पुष्कळ दिले. त्याच्या हातावरचे नाणे मात्र अद्याप बाकी आहे.